भावाच्या आलेखावर आपली रेघ

(मुरबाड येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



तुमच्यापैकी बहुतेक जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून आला आहात. रात्रभर गाडीत बसून कल्याणला उतरलात आणि तिथून मुरबाड गाठलेत. इथे चहूकडे भाताची खाचरे आहेत, वर माळाला नागली-वरी आहे. पऱ्हाटीचे झाड औषधाला सापडायचे नाही. मग कापसाच्या भावाची चर्चा मुरबाडला कशासाठी?

कारण ज्या विषयावर मला बोलायचे आहे तो इथे घराघरात शिरला आहे. मुंबई जवळ. शेजारच्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीचा मोबदला आला. पैशाच्या पाठोपाठ मोबाईलवर चार्ट आला. पोरगा बांधावर बसून हिरव्या-लाल काड्या बघतो आणि बापाला सांगतो, 'इंडिकेटरने खूण दिली आहे.' तुमच्या गावातही हेच चालू असेल. बाप म्हणतो, हा जुगार आहे. पोरगा म्हणतो, हे शास्त्र आहे. दोघांचेही अर्धे खरे आहे. राहिलेल्या अर्ध्यासाठी आज बोलायचे आहे.

इंडिकेटर म्हणजे काय?

म्हशाच्या जत्रेचे नाव तुम्ही ऐकले असेल. इथून जवळच आहे. पौषात भरते आणि बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल घ्यायला गेलेला शहाणा शेतकरी दलालाच्या बोलण्यावर जात नाही. तो बैलाचे दात मोजतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. दातावरून वय कळते. पण हा बैल येत्या पावसात चिखलात कसा ओढेल हे दात सांगत नाहीत. ते ज्याचे त्याने ओळखायचे.

इंडिकेटर म्हणजे भावाचे दात मोजणे, यापेक्षा जास्त काही नाही. गेल्या वीस दिवसांच्या भावांची बेरीज करून विसाने भागले की वीस दिवसांची सरासरी मिळते. रोज नवा दिवस घ्यायचा, सर्वात जुना सोडायचा. त्या सरासरीचे ठिपके जोडले की रेघ तयार होते. याला चालती सरासरी म्हणतात. सगळ्या इंडिकेटरांची ही आजी.

दुसरे नाव पोरांच्या तोंडी असते ते आर.एस.आय. अमेरिकेतील वेल्स वाइल्डर नावाच्या इंजिनियरने १९७८ साली तो पुस्तकात मांडला. गेल्या चौदा दिवसांत भाव जितका चढला आणि जितका उतरला त्यांची तुलना करून शून्य ते शंभर असा आकडा काढायचा. सत्तरच्या वर गेला तर बाजार फार तापला, तीसच्या खाली आला तर फार थंडावला, असा अर्थ लावतात. चौदाच दिवस का? वाइल्डरने चौदा घेतले म्हणून. तो काही वेदातला आकडा नाही. तुम्ही दहा घ्या, तीस घ्या, रेघ बदलेल आणि खूणही बदलेल.

मुद्दा लक्षात घ्या. हे सगळे दर्शक भावाच्या मागे चालतात. कालपर्यंतचा भाव त्यांच्या पोटात असतो, उद्याचा नसतो. आणि दुसरे, ते ज्यांनी घडवले त्यांच्या घरात माल नव्हता. आज घ्यायचे आणि उद्या विकायचे, एवढाच त्यांचा धंदा. आपल्या घरात कापसाचा ढीग आहे, डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, पोरीचे लग्न वैशाखात आहे. यातले काहीही त्या तयार रेघेला माहीत नाही. म्हणून आपली रेघ आपणच काढली पाहिजे.

एक हिशोब झाला, दुसरा राहिला

१९८० साली शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या भावाचा प्रश्न उचलला, तेव्हा आंदोलनाचे पहिले हत्यार दगड नव्हते, उत्पादन खर्चाचा हिशोब होता. शेतकऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा वहीत लिहिले की एक क्विंटल पिकवायला आपल्याला किती पडते. त्या वहीने सरकारची झोप उडवली.

पण त्या काळात कापूसवाल्याला बाजारच नव्हता. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच घालायचा, चुकारा मिळेल तेव्हा घ्यायचा. त्या भावाचा आलेख काढला असता तर वर्षभर सरळ आडवी रेघ निघाली असती. ज्या मुंबईत १८७५ सालीच कापसाच्या वायद्यांसाठी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहिली, त्याच मुंबईच्या राज्यात कापूस पिकवणाऱ्याला भाव बघण्याचीही सोय नव्हती.

आज एकाधिकार गेला. २००३ पासून मुंबईत एमसीएक्स आणि एनसीडीईएक्स हे देशव्यापी वायदेबाजार आहेत. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर फुकट दिसतो. पूर्वी सौदा रुमालाखाली बोटे धरून व्हायचा, आज भाव तळहातावर आहे. उत्पादन खर्चाचा हिशोब आपण शिकलो. आता दुसरा हिशोब शिकायचा आहे: थांबण्याचा खर्च.

पहिली रेघ: थांब्याचा भाव

२०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, हे सर्वांना आठवते. पुढच्या हंगामात, म्हणजे २०२२ च्या दिवाळीनंतर, भाव आठ-नऊ हजारांच्या घरात होता. लोकांनी माल विकला नाही. दहा-बारा हजार होतील म्हणून घरात, ओसरीत, माडीवर कापूस भरला. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, उंदीर झाले, वजन घटले. २०२३ च्या मे-जूनपर्यंत भाव सात हजारांच्या आसपास आला आणि पेरणीला पैसा हवा म्हणून त्याच भावात माल काढावा लागला. थांबणे ही चूक नव्हती. थांबण्याला काय पडते हे न मोजता थांबणे, हे नुकसानीचे होते.

आता मोजू. समजा आज कापूस ७,२०० रुपये आहे. उधारीचे व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे १४४ रुपये. साठवण आणि नासधूस महिन्याला २० रुपये धरा. तीन महिने थांबलात तर व्याज ४३२, साठवण ६०, एकूण ७,६९२ रुपये तुमचे गुंतले. आणि कापूस वाळून तीन टक्के घटला तर क्विंटलाचे ९७ किलो उरले. ७,६९२ ला ९७ ने भागून शंभराने गुणा. उत्तर ७,९३० रुपये. तीन महिन्यांनी भाव ७,९३० झाला तरी तुम्ही आजच्या जागीच आहात, एक पैसा कमावला नाही.

तुमचा शेजारी कर्जमुक्त आहे. त्याने आज विकून पैसा बँकेत ठेवला तर महिन्याला अर्धा टक्का मिळेल, म्हणून त्याचे व्याज ३६ रुपये धरा. त्याचा थांब्याचा भाव येतो ७,५९६. एकच गाव, एकच कापूस, पण दोन घरांच्या रेघांत ३३४ रुपयांचे अंतर. 'गावातले थांबले म्हणून मी थांबलो' हे म्हणणे का घातक आहे ते यात दिसते. ज्याच्या भरवशावर तुम्ही थांबता त्याची रेघ तुमच्यापेक्षा खाली आहे.

हीच रेघ २०२२-२३ ला लावून बघा. डिसेंबरमधला भाव ८,५०० धरला, व्याज, साठवण आणि घट तीच धरली आणि पाच महिने थांबले, तर मे महिन्यात ९,७४२ हवा होता. बाजार सात हजारांच्या आसपास होता.

ही रेघ चार्टवर कशी आणायची

ज्या पोरांना चार्टचा नाद आहे त्यांना हे काम द्या. ट्रेडिंगव्ह्यू नावाच्या चार्टवर पाईन स्क्रिप्ट नावाची छोटी भाषा आहे. तिच्यात स्वतःचा इंडिकेटर लिहिता येतो. अमीब्रोकरला त्याची वेगळी भाषा आहे. हे काहीच नसेल तर मोबाईलवरचे एक्सेल पुरे. हत्यार कोणतेही असो, लिहायचे तेच असते. आपल्या भाषेत सांगतो:

एक, वेचणी संपली त्या दिवसाची तारीख आणि त्या दिवसाचा भाव लिहून ठेव.
दोन, महिन्याचे व्याज, महिन्याची साठवण आणि महिन्याची घट हे तीन आकडे मालकाला विचार.
तीन, आजपर्यंत किती दिवस झाले ते मोज आणि तिसांनी भागून महिने काढ.
चार, सुरुवातीच्या भावात तितक्या महिन्यांचे व्याज आणि साठवण मिळव, उरलेल्या वजनाने भाग.
पाच, आलेला आकडा तांबड्या रेघेने काढ. बाजारभावाची वीस दिवसांची सरासरी निळ्या रेघेने काढ. हमीभाव काळ्या आडव्या रेघेने काढ.
सहा, निळी रेघ तांबडीच्या खाली असेल आणि दोन आठवडे उतरतच असेल, तर खूण दे.

बस, एवढाच इंडिकेटर. यात सरासरी काढणे आणि रेघ ओढणे यांना यंत्रात एकेक शब्द आहे. डोके लागते ते दुसऱ्या ओळीला, आणि ते आकडे फक्त तुमच्या घरात आहेत.

खूण आली की सगळा माल गाडीत भरायचा असे नाही. मालाचे चार हिस्से करा. एका खुणेला एक हिस्सा काढा. भाव चढत असेल तर निळी रेघ तांबडीच्या वर राहील आणि तुम्हाला घाई करू देणार नाही. ही रेघ भविष्य सांगत नाही. थांबण्याचे भाडे किती चढले, एवढेच ती रोज सांगते.

दुसरी रेघ: रुई-सरकीचा जोडभाव

आपण कापूस विकतो, जिनिंगवाला रुई आणि सरकी विकतो. वायदेबाजारात रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर असतो, कापसाचा वीस किलोच्या मणावर, आणि आपल्या बाजारात क्विंटलवर. या तीन मापांच्या गोंधळात शेतकऱ्याचे पैसे हरवतात.

समजा रुई खंडीला ५४,००० आहे, म्हणजे किलोला सुमारे १५१ रुपये ६९ पैसे. क्विंटलभर कापसाचा उतारा ३४ किलो रुई धरला तर ५,१५७ रुपये. घट २ किलो सोडून सरकी ६४ किलो, ३५ रुपयांनी २,२४०. बेरीज ७,३९७. जिनिंग, दाबाई, वाहतूक आणि कारखानदाराची कमाई मिळून ३५० रुपये काढले तर ७,०४७ उरतात. त्या दिवशी खेडा खरेदीवाला ६,६०० देत असेल तर ४४७ रुपयांचा खड्डा आहे. जोडभाव आणि गावातला भाव यांतले अंतर रोज मांडा, ही दुसरी रेघ. अंतर रुंदावले की समजा, बाजारात भाव आहे, आपल्यापर्यंत पोचत नाही. मग दोन-चार घरांनी मिळून गाडी भरून दुसऱ्या बाजारात जाण्याचा विचार करा.

याच हिशोबात उतारा ३६ धरून बघा. उत्तर ७,२८१ येते. दोन किलो उताऱ्याला २३४ रुपये. आपला कापूस घेताना उतारा कोण मोजतो? पहिल्या वेचणीचा स्वच्छ माल आणि कवडी एकाच ढिगात जातात आणि भाव कवडीचा लागतो.

ज्वारीवाल्यांनी नाराज होऊ नये. तुमची रेघ धान्य अधिक कडबा अशी काढायची. मालदांडीचा भाव पडला आणि कडब्याचा चढला, तर एकट्या धान्याची रेघ खोटे बोलते. शिवाय ज्वारीला पणन मंडळाच्या तारण कर्जाची सोय आहे, सहा टक्के व्याजाने १८० दिवस. दोन टक्के महिन्याच्या उधारीऐवजी वर्षाला सहा टक्के व्याज लागले तर तांबडी रेघ किती खाली येते ते स्वतः करून बघा.

यंत्र कुठे फसवते

पहिली फसवणूक शून्याची. बाजार बंद असलेल्या दिवशी काही जण शून्य भाव टाकतात. सरासरीत एक शून्य शिरले की रेघ दरीत जाते. बंद दिवस वगळा.

दुसरी अर्धवट दिवसाची. दुपारी खूण दिसते, संध्याकाळी भाव बदलला की खूण पुसली जाते. दुसऱ्या दिवशी जुना चार्ट बघणाऱ्याला वाटते, इंडिकेटर कधी चुकलाच नाही. बाजार बंद झाल्यावरचाच भाव घ्या.

तिसरी सर्वात वाईट. मागच्या तीन हंगामांचे आकडे घेऊन कधी नऊ दिवस, कधी सतरा दिवस असे बदलत बसलात तर भरपूर नफा दाखवणारा आकडा सापडतोच. तो मागच्या वर्षांना बेतून शिवलेला अंगरखा असतो, पुढच्या वर्षाच्या अंगाला बसत नाही. नियम दोन हंगामांवर ठरवा आणि न बघितलेल्या तिसऱ्यावर तपासा. विकत मिळणारे बहुतेक 'खात्रीचे' इंडिकेटर या परीक्षेत उताणे पडतील.

चौथी गोष्ट यंत्राची नाही, सरकारची. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क बसवले. २०२२ मध्ये काही महिने ते काढले. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा काढले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० होता, आणि बोंडे फुटायच्या आधीच परदेशी कापसाला दार उघडले. कोणत्या इंडिकेटरला ही खूण आधी दिसली? २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने हरभरा, सोयाबीन, मोहरी, गहू, मूग, बिगर बासमती भात आणि पामतेल यांचे वायदे स्थगित केले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. तिथे चार्टच पुसला गेला. म्हणून वहीत एक रकाना सरकारी आदेशांचा ठेवा. आदेशाच्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारा. दहा वर्षांच्या आलेखावर अशा उभ्या रेघा दिसू लागल्या की भाव कोण पाडतो यावर वेगळे भाषण करावे लागणार नाही.

पोरांना दोन शब्द

आता चार्ट बघणाऱ्या पोरांशी बोलतो. तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काय प्रसिद्ध केले ते ऐका. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. समोर बसलेल्या मोठ्या संस्थांचा नफा बहुतांशी यंत्रांनी आपोआप केलेल्या सौद्यांचा होता. त्यांच्या यंत्राला वीज जात नाही, झोप येत नाही आणि बापाची जमीन गहाण पडत नाही. तुम्ही त्याच आर.एस.आय.च्या जोरावर त्यांच्याशी झुंजायला निघता.

माल नसताना लावलेला सौदा आणि घरात माल असताना घेतलेला विक्रीचा निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात तुमचे शंभरात सात जणांमध्ये बसणे नशिबावर आहे. दुसऱ्यात घरातल्या तीस क्विंटलाला दोनशे रुपये जरी जास्त मिळाले तरी सहा हजार रुपये वाचले, आणि ते कोणाच्या खिशातून ओरबाडलेले नाहीत. ते तुमच्याच घामाचे होते. तुमची अक्कल या दुसऱ्या कामाला लावा.

कार्यक्रम

भाषण ऐकून घरी जायचे आणि विसरायचे, असे होऊ नये म्हणून चार कामे सांगतो.

प्रत्येक गावातून एक जुना जाणता आणि एक चार्ट कळणारा पोरगा किंवा पोरगी अशी जोडी ठरवा. जुन्याला बाजार कळतो, नव्याला यंत्र कळते. एकटे कोणीच पुरे पडत नाही.

येत्या हंगामात वेचणीच्या पहिल्या दिवसापासून रोजचा भाव, आवक, रुईचा आणि सरकीचा भाव नोंदवा. ज्वारीच्या गावांनी कडब्याचाही. वही चालेल, यंत्र चालेल, खाडा चालणार नाही.

पाच घरांचा थांब्याचा भाव काढा. कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे चावडीवर वाचायचे नाही. आकडा ज्याचा त्याच्याजवळ, रीत सगळ्यांची.

हंगाम संपल्यावर जिल्हा बैठकीत वह्या आणा. रेघ कुठे बरोबर आली, कुठे चुकली, दोन्ही सांगा. चुकलेली जास्त सांगा, कारण पुढचा नियम तिच्यातून सुधारतो.

लिहिलेला इंडिकेटर कोणी कोणाला विकू नये. बियाणे घरचे असावे तशी रेघही घरची असावी, आणि शेजाऱ्याने मागितली तर मूठभर द्यावी. सरकारने भाव पाडला तर त्याच्याशी रस्त्यावर भांडायला आपण आहोतच. पण घरातला ढीग कधी काढायचा हे ठरवण्यासाठी आंदोलनाची वाट बघायची गरज नाही. तो हिशोब आज रात्री कंदिलाखाली बसूनही करता येतो. पहिला आकडा लिहा: महिन्याचे व्याज किती?